सात नंबरचा रेचा

ये, इकडे सरक. अशी जवळ बस. दिवाळी अंक हातात आला की आधी राशिभविष्य, मग साडीवाल्यांच्या जाहिराती, मग कोणाची चकली कशी ते, आणि माझ्यासारख्या म्हातारीचं पान आलं की बोटाला थुंकी लावून भर्रकन पुढे. बघते मी. माझी सून तेच करते. आज मात्र मी पदर धरून बसवणार आहे तुला. फराळाची ताटली मांडीवर घे, शेव कुडकुड वाजवू नकोस, आणि ऐक.

या अंकाच्या संपादकीणबाईंनी मला लिहिलं, 'आपल्या भयकथालेखनाच्या कारकिर्दीविषयी लिहावे.' मी ते पत्र दोनदा वाचलं. कारकीर्द राजेलोकांची असते गं. मी चौथी झालेली बाई. इतर बायका जशा घरी बसून पापड करून देतात, तशी मी भुतं करून दिली. आठवड्याला एक. जळगावच्या एका साप्ताहिकाला, दहा-बारा वर्षं. पापड खाऊन संपले, भुतंही वाचून संपली. कोणत्या साली पहिलं आणि कोणत्या साली शेवटचं, ते मला विचारू नका. भूत आठवतं, साल आठवत नाही.

वाचायला मी पुडीच्या कागदांवर शिकले. वडील नरडाण्याच्या स्टेशनावर पॉइंट्समन. घरात पुस्तक म्हणून नाही, पण वाणसामान यायचं ते छापील कागदात. हळदीची पुडी सोडली की मी कागद सरळ करून वाचायला बसायची. गोष्ट रंगात यायची आणि कागद संपायचा. पुढचं पान कुठल्या तरी दुसऱ्या घरी, जिऱ्यात. मग मी शेवट आपल्या मनानं करून धाकट्या बहिणींना सांगायची. साधा शेवट केला तर त्या झोपून जायच्या. घाबरवणारा केला तर माझं धुणं धुऊन द्यायच्या. तिथंच मी धंद्यात पडले म्हण.

लग्न होऊन जळगावला आले. आमचे हे छापखान्यात खिळे जुळवायचे. छापखाना नानांचा, साप्ताहिकही नानांचंच. संपादक तेच, मालक तेच, आणि 'आमच्या धुळ्याच्या बातमीदाराकडून' म्हणून जो असायचा तोही तेच. एके दिवशी हे दुपारी जेवायला आले ते ताटाकडे न बघता भिंतीकडे बघत बसले. म्हटलं, काय झालं? तर म्हणे, "पुढाऱ्याचं भाषण येणार होतं, ते आलंच नाही. दीड कॉलम मोकळा आहे. तीन वाजता मशीनवर चढवायचं."

मी म्हटलं, "दीड कॉलम म्हणजे किती?"

यांनी हातानं दाखवलं. एवढं न् एवढं. लाटण्यापेक्षा थोडं जास्त.

मी म्हटलं, "तुम्ही जेवा. मी भरते."

आणि भरलं. नरडाण्याला सिग्नलच्या खांबाखाली जी बाई बसायची आणि गाडी गेली की दिसायची नाही, ती मी दीड कॉलमात बसवली. पुढच्या आठवड्यात पुढाऱ्याचं भाषण आलं, तर वाचकांची पत्रं आली की भाषण नको, ती बाई हवी.

आता या धंद्यातली दोन-चार गुपितं सांगते, बाहेरच्याला ठाऊक नसतात. पहिलं म्हणजे, भूत हे मापानं करायचं असतं. नाना निरोप धाडायचे, 'वहिनींना सांगा, या खेपेला पाऊण कॉलमच आहे.' मग पाऊण कॉलमात मावेल असं भूत. एका घरात दोन भुतं आणि एक विहीर असेल तर तो दिवाळी अंकाचा माल. चार बोटं जागा उरली तर नुसती किंकाळी.

दुसरं गुपित खिळ्यांचं. स्वातंत्र्य मिळालं तसे आमच्या छापखान्यातले 'भ' चे खिळे झिजायला लागले. जिकडे तिकडे भारत, भाषण, भव्य, भूमिपूजन, भाऊसाहेब. सगळे 'भ' पहिल्याच पानावर खर्ची पडायचे. हे घरी येऊन सांगायचे, "या आठवड्याला भूत म्हणू नको. 'भ' शिल्लक नाहीत." मग मी लिहायची, 'ती आली.' 'ते माळ्यावर बसलं होतं.' नाव घ्यायचंच नाही. आणि लोक उलट जास्त घाबरायचे! एका हायस्कूलच्या मास्तरांनी नानांना पत्र लिहिलं की न सांगता सुचवण्याची ही जी कला आहे, ती थोर आहे. मी ते पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "मग नवा खिळा आता मागवू नये."

माझं टोपणनावही त्यातूनच आलं. नानांना 'भैरव' ठेवायचं होतं. हे म्हणाले, "नाना, दर आठवड्याला एक 'भ' त्यातच जाईल." म्हणून मी 'एक जाणकार'. लोकांना वाटायचं दाढीवाला कोणी असेल, कवट्या घेऊन बसणारा. घर शोधत येणाऱ्यांना मी अंगणात ज्वारीचे पापड, म्हणजे आमचे बिबडे, वाळत घालताना दिसायची. "जाणकार आहेत का घरात?" "आहे. जरा त्या कडेनं या, बिबड्यांवर पाय देऊ नका."

तिसरं गुपित सगळ्यात मोठं. माझी भुतं रात्री यायची नाहीत. यावरून नानांशी माझं पहिलं भांडण. नाना म्हणाले, "वहिनी, भूत कसं रात्री बाराला पाहिजे." मी म्हटलं, "नाना, आपल्या खानदेशात रात्री घाबरतं कोण? रात्री सगळं गाव घरांच्या मातीच्या धाब्यावर, अंथरुणं टाकून. या धाब्यावरून त्या धाब्यावर गप्पा. भूत आलं तर त्यालाही कोणी विचारेल, कुठला रे तू, जेवलास का. आपल्याकडे एकटं वाटतं ते भर दुपारी. ऊन असं पडतं की कुत्रंसुद्धा दिसत नाही, दारं लावलेली, रस्त्यावर आपलीच सावली पायाखाली दडून बसलेली. तेव्हा मागून कोणी हाक मारली तर?" नानांनी मागे वळून बघितलं. त्या वेळी दुपारचा दीड वाजला होता. त्यानंतर त्यांनी रात्रीचा आग्रह धरला नाही.

ते हायस्कूलचे मास्तर एकदा घरी आले होते. त्यांनी मला सांगितलं की अमेरिकेत मागे असाच एक लेखक होऊन गेला, नुसत्या भीतीच्या गोष्टी लिहायचा. मी म्हटलं, त्याचं कसं चाललं होतं? मास्तर म्हणाले, फार हाल झाले, एकटा पडला, लवकर गेला. मला वाईट वाटलं. घासभर कोणी वेळेवर वाढलं असतं, चार माणसं घरात येती-जाती असती, तर इतका भित्रा झाला नसता बिचारा. मी मास्तरांना विचारलं, "त्याची भुतं दुपारी यायची का?" मास्तर म्हणाले, "छे, रात्री. वादळात." म्हटलं, मग त्याला ऊन मिळालं नसेल.

गिऱ्हाईकं काय एकेक यायची! रावेरकडचे एक आबा आले होते, केळीवाले. पागोटं, हातात घडातलीच एक फणी भेट म्हणून. बसले आणि म्हणाले, "बाई, मह्या बागेत एक टाका ना."

"काय टाकू?"

"भूत हो. चांगलं दांडगं टाका. चोर लई झाले. घडच्या घड कापून नेतात. तुमी लिवा, का अमुक गावच्या अमुक बागेत दुपारी एक बाई फिरते, पाय उलटे. नाव-गाव सगळं लिवा, मही हरकत नाही."

मी लिहून दिलं. केळीच्या बागेत काय गं, भूत आपोआप उगवतं. ती मोठी मोठी पानं, आत हिरवा अंधार, वारा नसताना एकच पान हलतंय. महिन्याभरानं आबा परत आले. फणी नव्हती हातात.

"काय आबा, थांबले का चोर?"

"चोर कुठी वाचतात हो! ते तर कालच दोन घड घेऊन गेले. वाचतात ते मह्या घरचे. बायको बागेत पाय ठेवीना, मजूर येईनात, मही सून माहेरी गेली. काढा ते!"

भूत टाकणं सोपं असतं, काढणं अवघड, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी हसले आणि विसरले.

आता मूळ गोष्टीवर येते. हीच सांगायला तुला बसवलंय.

नानांनी एकदा फर्मान काढलं, की धुळ्याच्या एका साप्ताहिकानं चार आठवड्यांची क्रमशः गोष्ट सुरू केलीय, आपणही करायची. चार आठवडे चालेल एवढं भूत माझ्या गल्लीत नव्हतं. माझी पद्धत अशी, की भूत कुठं बसेल ती जागा आधी डोळ्यानं बघून यायची. तेव्हा मी सरकी आणायचं निमित्त करून गावाबाहेरच्या एका जिनात गेले. जिन म्हणजे कापसाचा कारखाना. शेतातून येतो त्या कापसात सरकी असते. ती काढून नुसती रुई करायची. जे यंत्र हे करतं त्याला रेचा म्हणतात. लांबलचक पत्र्याची शेड, रेच्यांची रांग, एकच मोठं इंजिन, त्यावर सगळे पट्टे फिरणार. प्रत्येक रेच्यापाशी एक बाई, ओंजळ ओंजळ कापूस चारते. पलीकडून पांढरी रुई गळते, खाली सरकी पडते. हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालायचा. चैत्रात त्या पत्र्याखाली भाकर नुसती धरली तर भाजली गेली असती. बायकांच्या केसांवर, पापण्यांवर, मिशी यावी तशी ओठांवर रुई. आणि इंजिन थांबायचं नाही. सकाळी सुरू झालं की दिवस बुडताना बंद. बायकांनी काम करता करताच कडेला बसून चार घास गिळायचे. दुपारची सुट्टी द्यावी असा कायदा निघाला होता म्हणे दिल्लीहून. तो वाटेत कुठंतरी भुसावळला गाडी बदलत असेल.

फाटकापाशी एक मोठं कडुनिंबाचं झाड. त्याच्या फांद्यांना पाच-सहा झोळ्या, त्यात तान्ही पोरं. ती रडत होती. इंजिनाच्या आवाजात आत आयांना ऐकू जात नव्हतं. पण बाहेर उभ्या असलेल्या मला दोन्ही आवाज एकदम ऐकू येत होते.

आता खरं सांगते, लपवत नाही. मी तिथं उभी राहून काय मनात म्हटलं ठाऊक आहे? म्हटलं, वा! हे गोष्टीत फार छान जाईल. रडणं ऐकू येतं आणि पोर दिसत नाही. एवढंच. घरी येऊन सरकी म्हशीपुढे टाकली आणि लिहायला बसले.

'सात नंबरचा रेचा' अशी गोष्ट. त्या रेच्यावर कधीकाळी एक बाई काम करत होती. तिचं तान्हं बाहेर रडायचं आणि तिला उठता यायचं नाही. एका दुपारी पट्ट्यात तिचा अंबाडा अडकला. तेव्हापासून दुपारी बारा ते दोन त्या रेच्यावर जी कोणी कापूस चारेल, तिला बाहेरून रडणं ऐकू येतं, आणि पलीकडून पांढऱ्या रुईच्या जागी काळे, लांब केस गळायला लागतात. दुसरा भाग तिथंच संपवला, केसांवर. स्वतःशीच म्हटलं, अक्का, जमलंय. मला दुपारचं जेवण गेलं नाही.

त्या जिनात कापूस तोलणारा एक काटेवाला होता, त्याला वाचायची हौस. तो दर आठवड्याला फाटकापाशी मोठ्यानं वाचून दाखवायचा. दुसरा भाग वाचून झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाराचा भोंगा कुठंतरी वाजला आणि सात नंबरवरची बाई उठली. तिचं बघून सहा आणि आठवाली. मग सगळी रांग. कडुनिंबाखाली जाऊन बसल्या त्या दोन वाजता उठल्या. रोज हेच. इंजिन नुसतं भकभक करत फिरतंय आणि रेच्यांना चारायला कोणी नाही.

मालक होते भिकाशेठ. स्थूल माणूस, आवाज बारीक. आणि आमच्या छापखान्याची जागा नेमकी त्यांची. ते नानांकडे आले आणि एवढंच म्हणाले, "नाना, भूत तुमचं, जागा माझी. एकाला तरी जावं लागेल."

नाना आणि हे, दोघं दुपारीच घरी आले. पंख्यानं वारा घेत नाना म्हणाले, "वहिनी, तिसऱ्या भागात संपवा. चौथा नको. मांत्रिक आणा, लिंबू आणा, काय हवं ते आणा, पण तिला घालवा. नाहीतर छापखाना कुठं नेऊ? एवढं अवजड मशीन काय डोक्यावर घेऊन फिरू?"

यांच्या बोटांना शाई होती, ती पुसत बसले. मला ते जास्त लागलं. छापखाना गेला तर यांना दुसरं काम कोण देणार होतं?

आणि हे दोघं गेले नाहीत तोच मागच्या दारात एक बाई येऊन उभी. उंच, काळीसावळी, कपाळावर गोंदण. डोक्याला रुई.

"अक्का, ती भूत लिखणारी तूच शे का?"

माहेरची बोली ऐकली की मी विरघळते. म्हटलं, "मीच शे. बस. काय व्हयनं?"

"मी बायजा. जिनमा सात नंबरवर शे." ती उंबऱ्यावर टेकली. "काही नही व्हयनं वं माय. शेठ छापखानामा जाई उना, आम्हले समजनं. इतलंच सांगाले उनू, ते भूत मारू नको."

"कसाले?"

"मनी लेकनी पोर तीन महिनानी शे. लेक बी जिनमाच शे, मना शेजारले. पहिले सकायले पाजे, ते एकदम दिन बुडाले. पोर रडी रडी निळी व्हये. आते बारा वाजनात का ती पोटभर दूध पेस. चार दिनमा गाल उनात तिले." हे बोलताना तिनं आपलेच गाल दोन बोटांनी धरून दाखवले. "तू ते भूत मारशी, ते शेठ उद्याच आम्हले परत बसाडी."

जे रडणं मी सजावटीला वापरलं होतं, त्याची आजी माझ्या उंबऱ्यावर बसली होती. मी उठले, चहा टाकते म्हणून आत गेले आणि चुलीपुढे नुसतीच बसून राहिले. चहा उतू गेला. बाहेर येऊन मी तिला शेठ, छापखाना, यांची नोकरी, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "बायजा, मना हातमा काही नही."

तिनं बशीतला चहा फुंकला. "हातमा नही? मंग काय पायवरी लिखस?"

मला हसू आलं आणि रडूही. ती मात्र रागावली नव्हती. बशी धुऊन पालथी घातली, उठली. "लिख तुले जे लिखनं शे ते. आम्ही आमनं दखसूत."

आणि मी लिहिलं. मारलं भूत. लाजेनं सांगते, पण सांगते. एक मांत्रिक आणला, सात लिंबं कापली, ती बाई हात जोडून निघून गेली. इतकं वाईट मी आयुष्यात कधी लिहिलं नाही. यांनी खिळे जुळवले. जुळवताना हे कधी बोलत नाहीत, त्या दिवशी म्हणाले, "इतकी ऐकणारी नव्हती ती."

भिकाशेठना छापून येईपर्यंतही धीर नव्हता. त्यांनी ओलं मुद्रित मागवून घेतलं आणि फर्मावलं, की जिच्या हातानं लिहिलं तिनंच येऊन बायकांना वाचून दाखवावं, भर दुपारी बारा वाजता, म्हणजे एकदाचा संशय फिटेल. नाना मला टांग्यानं घेऊन गेले. शेडमध्ये सगळ्या बायका उभ्या. इंजिन थांबवलं होतं, मला ऐकू जावं म्हणून. आणि इंजिन थांबल्यामुळे बाहेरची पोरं आत ऐकू येत होती.

मी वाचलं. 'बाळाच्या रडण्याचा आवाज कायमचा थांबला' या वाक्याला बाहेर एक पोर असं काही ओरडलं की मी तिथंच अडखळले. बायकांच्या चेहऱ्यावर काही म्हणून दिसेना. बायजा पुढेच होती, तोंडात पदराचं टोक.

"ऐकलं?" शेठ म्हणाले. "गेली ती. लिहिणारीनंच सांगितलं. आता मी स्वतः दाखवतो. मालक असून बसतो बघा सात नंबरवर."

त्यांनी टोपी काढून काटेवाल्याच्या हातात दिली, बाह्या सारल्या, तिवईवर बसले. तिवई त्यांच्याखाली दिसेनाशी झाली. इंजिन सुरू झालं. शेठ बाजूच्या ढिगातून कापूस घेऊन चारायला लागले. पहिल्या दोन ओंजळी जरा घाबरत, मग ऐटीत. पलीकडून पांढरी शुभ्र रुई गळतेय. शेठ आमच्याकडे बघून हसले. ढीग खाली खाली आला. त्यांनी तळातून मोठी ओंजळ उचलली आणि घातली.

आणि रुई काळी झाली.

आधी एक बट. मग पुंजका. मग लांब लांब, गुंतलेले, काही काळे, काही करडे, केस. हळूहळू, ओढत ओढत बाहेर यायला लागले. जसं मी लिहिलं होतं अगदी तसं.

शेठच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला पुढे एकाही गोष्टीत लिहिता आला नाही. ते उठले तर तिवईही बरोबर उठली. काटेवाला टोपी तोंडावर दाबून रामनाम घ्यायला लागला. मी आधारासाठी नानांकडे हात केला तर नाना माझ्या मागे, माझाच पदर धरून. आणि मी? इतकी वर्षं भुतं करून वाढणारी बाई! मला वाटलं, मी हिला खोटं मारलं म्हणून ही खरी होऊन आली. चपला तिथंच राहिल्या. फाटकाबाहेर सगळ्यांत आधी मी.

बायका मात्र पळाल्या नाहीत. त्या एकामागून एक, पदर झटकत, शांतपणे बाहेर आल्या आणि आपापल्या झोळीकडे गेल्या. बायजानं माझ्या चपला आणून माझ्यापुढे ठेवल्या आणि शेजारी बसली. तिची लेक पलीकडे पोरीला पाजत होती. एवढीशी मूठ आईच्या मण्यांत अडकवून ती पोर दूध पीत होती.

"घाबरनी का वं अक्का?"

मी डाव्या पायात उजवी चप्पल घालत होते.

"गुंतवळ शे ते," ती हळूच म्हणाली.

तुम्हा आजच्या पोरींना सांगायला हवं. केस विंचरले की फणीत येतं ते गुंतवळ. आम्ही ते फेकत नव्हतो. गोळा करून भिंतीच्या कोनाड्यात खोचून ठेवायचो. मग खोट्या केसांची गंगावनं विकणारी दारावर आली की ते द्यायचं आणि सुया, दाभण, काळे मणी घ्यायचे. प्रत्येक घरात असायचं. या बायकांनी चार गल्ल्यांतलं गुंतवळ दोन दिवसांत गोळा केलं होतं, सात नंबरच्या ढिगाच्या तळाशी दडपलं होतं, आणि वर पांढरा कापूस रचला होता. ज्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं त्यांनी माझी गोष्ट माझ्यापेक्षा चांगली संपवली. आणि शेठनं स्वतःच्या हातानं ती यंत्रात घातली.

त्या दिवसापासून त्या जिनाचं इंजिन बाराला बंद व्हायचं आणि दोनला सुरू. भिकाशेठ शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचे, "भूतबीत काही नाही हो. इंजिन तापतं. त्याला दुपारचा विसावा लागतो." इंजिनाला तर इंजिनाला. छापखान्याच्या जागेचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. मला बघितलं की रस्ता बदलायचे. नानांनी त्याच दिवशी ते मांत्रिकाचं पान मोडायला लावलं. हे खिळे खणांत परत टाकताना शीळ घालत होते. त्यांना शीळ येते हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी तेव्हा कळलं. तिसरा भाग मी त्या दिवशी उभ्या उभ्या लिहिला, त्यात केस आले, मांत्रिक पळाला, आणि चौथा भाग नानांनीच मागून घेतला.

पुष्कळ भुतं लिहिली त्यानंतर. लोकांनी कौतुक केलं, मास्तरांनी आणखी पत्रं लिहिली. पण कोणी 'तुमची सगळ्यात चांगली गोष्ट कोणती' असं विचारलं की मी चहा टाकायला उठते, कारण ती माझी नाही. जागा बघायला मात्र जात राहिले. फक्त तेव्हापासून कुठं पोर रडताना ऐकलं, की आधी त्याची आई कुठं आहे ते विचारायची, मग कागद काढायची. त्यानं गोष्टी जरा पातळ झाल्या असतील. होऊ देत.

त्या कडुनिंबाखाली मी बायजाला शेवटी विचारलं होतं, "इतले केस कोनाकोनाना वं?"

"बठ्ठ्यासना." तिनं बोटं मोडून घरं मोजायला सुरुवात केली. मग थांबली, माझ्या अंबाड्याकडे बघितलं आणि हसली. "तुना बी व्हतात, अक्का. तू चहा टाकाले गयी ना, तव्हय तुना कोनाडामातून लिधात मी."

बस, आता हात दुखायला लागला. उरलेलं कागदावर नाही सांगणार, तोंडानं सांगेन. दिवाळी सरली की आमच्याकडे भरिताची हिरवी वांगी येतात. तुराट्यांवर भाजेन, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापेन, वर लसणाची चटणी. पत्र पाठवून 'येते हं' असं नुसतं लिहू नकोस, तशी पत्रं माझ्याकडे ढीगभर आहेत. गाडीत बस आणि ये. मी आता किती दिवस दार उघडायला उठणार आहे? लवकर ये, बाई.